पाणपोईवरचं नाव

मागच्या महिन्यात मुलाचा फोन आला. तो सुरतेतच, नदीपलीकडे अडाजणला राहतो. मी अजून डिंडोलीच्या जुन्या घरातच आहे. त्याच्या आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्षश्राद्धाला तिच्या माहेरच्या गावात, एस.टी.च्या थांब्याजवळ, तिच्या नावानं पाणपोई बांधायची असं आम्ही ठरवलं होतं. खानदेशातलं गाव. उन्हाळ्यात माणसं त्या थांब्यावर घसा कोरडा करून बसलेली असतात. बांधकाम तिच्या भावाच्या देखरेखीखाली झालंही होतं. वर बसवायची संगमरवरी पाटी तेवढी राहिली होती.

“पप्पा, मामा काहीतरी घोटाळा करतायत,” मुलगा म्हणाला. “पाटीवाल्याला त्यांनी दुसरंच नाव दिलंय. मी विचारलं, मामा, आ वळी कोण, ही कोण आणखी? तर म्हणे, कोण म्हणजे, तुझी आई.”

आणि त्यानं ते नाव मला म्हणून दाखवलं. अनोळखी गावाचं नाव वाचावं तसं, अडखळत. मुलगा पन्नाशीला आला आहे. आईचं नाव त्यानं आईचं म्हणून पहिल्यांदा ऐकलं ते असं.

उद्या बोलू म्हणालो आणि फोन ठेवला.

इथे मी तिचं कुठलंच नाव लिहिणार नाही. नवं लिहिणार नाही, कारण ते मी ठेवलेलं होतं. जुनं का लिहिणार नाही ते पुढे येईल. पण त्याआधी एक गोष्ट दुरुस्त करायची आहे, कारण ती माझ्यासमोर, भरल्या सभेत चुकीची सांगितली गेली आणि मी गप्प बसलो.

ती गेल्यावर इकडच्या रीतीप्रमाणे आम्ही बेसणं, म्हणजे शोकसभा, ठेवलं होतं. समाजाच्या सभागृहात, म्हणजे इकडच्या भाषेत वाडीत, पांढऱ्या चादरी, मधे तिचा फोटो, गुलाबपाकळ्या. मी या शहरात मराठी शाळेत उभी हयात शिकवलं, त्यामुळे माझे विद्यार्थी पुष्कळ आले होते. कोणी यंत्रमागावर, कोणी डाइंग मिलमध्ये, कोणी हिऱ्याच्या कारखान्यात, एकदोन डॉक्टरही. माझ्याबरोबर निवृत्त झालेले एक शिक्षक बोलायला उभे राहिले. ते म्हणाले, सरांनी खेड्यातली एक अडाणी मुलगी आणली आणि तिला शुद्ध बोलायला, वाचायला, चारचौघांत वावरायला शिकवलं. सुरतेत बसून त्यांनी एका हिऱ्याला पैलू पाडले. लोकांनी माना डोलावल्या. मीही हात जोडले.

सुरतेत राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही की पैलू पाडताना हिऱ्याचं निम्म्याहून जास्त वजन जातं. गेलेलं कुणी विचारत नाही. चकाकी बघतात.

माझे वडील इथल्या जुन्या मिलमध्ये कामाला आले, तेव्हा मी अगदी लहान होतो. लिंबायतमध्ये एका खोलीत आम्ही सगळे. घरात अहिराणी, गल्लीत अहिराणी, रस्त्यावर गुजराती. मराठी होती ती फक्त शाळेत, फळ्यावर. मला ती फार आवडायची. स्वच्छ धुतलेल्या कपड्यासारखी वाटायची. पुढे मास्तर व्हायचं म्हणून वडिलांनी मला महाराष्ट्रात अध्यापक विद्यालयात पाठवलं. तिथे पहिल्याच आठवड्यात मी उभा राहून म्हणालो, “सर, मले हाई समजनं नही.” सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी मला तेच वाक्य शुद्ध होईपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, आणि झाल्यावर म्हणाले, “आता तू माणसात आलास.”

मला त्यांचा राग आला नाही, हे मी आज लिहून ठेवतो. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. सुट्टीत घरी आलो की आई बोलायची आणि मी तिचे शब्द मनातल्या मनात दुरुस्त करायचो. नोकरी लागेपर्यंत माझी जीभ इतकी धुतली गेली की लोक विचारायचे, सर, तुम्ही पुण्याकडचे का? आणि मी हो किंवा नाही म्हणायचो नाही. हसायचो.

लग्न ठरलं ते तापी खोऱ्यातल्या एका गावात. मुलगी चौथीपर्यंत शिकलेली. लग्नात बायकोचं नाव बदलायची पद्धत आमच्या लोकांत नव्हती. मी ती माझ्या सहाध्यायांच्या लग्नात पाहिली होती: ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, मग ते सगळ्यांना वाचून दाखवायचं. मला ते फार सुसंस्कृत वाटलं होतं. मांडवात मी ताट मागितलं, तेव्हा भटजीसुद्धा चक्रावले. बायका गोळा झाल्या. मी सगळ्यांच्या मधे बसून, अंगठी काढून, तांदळात एक लांबलचक संस्कृत नाव लिहिलं. मला ते आठवडाभर आधीच सुचलेलं होतं.

तिनं ताटात वाकून बघितलं. चौथीपर्यंतची अक्षरं विसरली होती बहुतेक. शेजारी उभ्या भावाला तिनं विचारलं, “काय लिखेल शे?”

भाऊ म्हणाला, “तुनं नाव.”

“मन्हं नाव ते मले माहीत शे,” ती म्हणाली, आणि बायका खो खो हसल्या. मीही हसलो. तिच्या आईनं दुसऱ्या दिवशी ते तांदूळ खिचडीत घातले, म्हणाली, एवढ्या चांगल्या तांदळाचं काय करायचं मग.

सुरतेला आल्यावर मी तिला घरात शिकवू लागलो. शाळा सुटल्यावर चहा, मग पाटी. ‘मले’ नाही, मला. ‘तठे’ नाही, तिथे. ‘शे’ नाही, आहे. ती हुशार होती. चटकन उचलायची. तिला वाचायला आवडायचं, हेही खरं आहे, ते मी लपवणार नाही. काही वर्षांनी वर्तमानपत्राची पहिली घडी तीच उघडायची, आणि दुकानांच्या गुजराती पाट्या माझ्याआधी वाचायची. पण गल्लीतल्या बायका दुपारी ओट्यावर साड्यांना टिकल्या चिकटवायच्या कामाला बसत आणि अहिराणीत मोठमोठ्यानं बोलत. तिथे तिनं बसू नये असं मी सांगितलं. कारण विचारलं तर म्हणालो, त्यांच्यात बसलीस तर दिवसभर शिकवलेलं वाहून जातं. ती गेली नाही. बायका दारावरून जाताना मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, “काय वो मास्तरीणबाई, बोलशात का नही?” ती आतून हसायची. पुढे त्यांनी हाक मारायचंच सोडलं.

मला ती ‘सर’ म्हणायची. गल्ली म्हणायची, मुलं म्हणायची, म्हणून तीही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, तेव्हा काहीतरी म्हणायला हवंच होतं. मी एकदाही म्हटलं नाही की तू तरी सर म्हणू नकोस.

आता त्या पुस्तकाकडे येतो, कारण त्याच्यामुळेच मला हे सगळं नीट दिसलं, आणि दिसलं ते फार उशिरा.

सातवीच्या वाचनतासाला मी दरवर्षी एक जुनी इंग्रजी कादंबरी घ्यायचो, मराठीत संक्षिप्त केलेली. जहाज फुटून एक गोरा माणूस निर्जन बेटावर अडकतो. तिथे बऱ्याच वर्षांनी तो एका काळ्यासावळ्या माणसाला मरणातून वाचवतो. तो माणूस त्याचा पाय उचलून आपल्या डोक्यावर ठेवतो. गोरा माणूस त्याला एक नाव देतो, ज्या दिवशी तो सापडला त्या दिवसावरून. मग शिकवतो की मला ‘मालक’ म्हणायचं. मग कपडे, मग खाणं, मग बोलणं, मग देव. पुस्तकभर तो नोकर मोडक्या भाषेत बोलतो आणि मालकावर जीव टाकतो. मालकाला त्याच्या भाषेतला एक शब्दही शिकावासा वाटत नाही. पण हे मी आज म्हणतोय. तेव्हा मी फळ्यावर प्रश्न लिहायचो: नायकानं आपल्या नोकराला कसं सुधारलं? आणि मिल कामगारांची मुलं मुद्दे मांडून उत्तर लिहायची. नाटक बसवलं तर प्रत्येकाला गोरा माणूस व्हायचं असायचं. नोकर कोणीच व्हायला तयार नसे, चिठ्ठ्या टाकाव्या लागत.

वर्गात नीट वाचता यावं म्हणून आदल्या संध्याकाळी मी घरी मोठ्यानं वाचून बघायचो. एका वर्षीचा हिवाळा होता. ती समोर बसून उंधियूसाठी पापडी सोलत होती. नाव ठेवण्याचा प्रसंग वाचून झाला आणि तिनं जपून, शिकवल्याप्रमाणे विचारलं, “त्याचं आधीचं नाव काय होतं?”

मी पान उलटून बघितलं. मला वाटलं, असेल कुठेतरी. नव्हतं.

“दिलेलं नाही,” मी म्हणालो. “रानटी माणूस तो. त्याला कुठलं नाव.”

ती पापडी सोलत राहिली. थोड्या वेळानं खाली बघूनच म्हणाली, “तेनी मायनी काही ना काही हाक मारेलच व्हई ना तेले.”

मी तिची भाषा दुरुस्त केली. फक्त तेवढंच केलं. ती काय म्हणाली त्याला मी उत्तर दिलं नाही, तिनं ‘तेले’ म्हटलं ते दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी शिक्षकखोलीत मी हा किस्सा सांगितला, आमच्या मंडळींचे कसे भोळे प्रश्न असतात म्हणून, आणि सगळे हसले.

नंतर दरवर्षी ते पुस्तक शिकवताना मला तो प्रश्न आठवायचा. आधी गंमत म्हणून. मग गंमत वाटेनाशी झाली. मग मी ते पुस्तक घेणं बंद केलं आणि कुणी विचारलं तर म्हणायचो, मुलांना जड जातं.

ते पुस्तक बंद करायला कारण घडलं ते सासूबाईंचं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला होता. इथल्या धर्मादाय दवाखान्यात ऑपरेशन चांगलं होतं, म्हणून मीच त्यांना बोलावून घेतलं. त्यात माझ्या मनात काही वाईट नव्हतं. उधना स्टेशनवर त्यांना घ्यायला गेलो, गाठोडं उचललं, रिक्षानं घरी आणलं. दारातच त्यांनी लेकीला तिच्या नावानं हाक मारली. लांब, शेतातून मारतात तशी. माझी मुलं आतून धावत आली आणि विचारू लागली, आजी कोणाला बोलावते?

त्या रात्री जेवताना मी सासूबाईंना समजावलं. अगदी आदरानं. म्हणालो, आई, इथे तिला सगळे नव्या नावानं ओळखतात. मुलांना जुनं माहीत नाही, ती गोंधळतील. शेजारीही विचारतील. तुम्हीही नवंच घ्या म्हणजे बरं.

त्यांनी बायकोकडे बघितलं. बायको पोळी लाटत होती. तिनं वर बघितलं नाही.

“बरं बापू,” सासूबाई म्हणाल्या, “तुम्ही म्हनशात तसं.”

त्यांनी प्रयत्न केला. नवं नाव त्यांच्या तोंडात बसेना. पहिली दोन अक्षरं यायची, मग गाडी अडायची. मुलं हसायची, त्याही हसायच्या. मग त्यांनी तो नादच सोडला. जुनं घ्यायचं नाही, नवं येत नाही, म्हणून त्या लेकीला हाकच मारेनात.

ऑपरेशन झालं आणि डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना घरी आणलं. मी शाळेतून आलो तर त्या आतल्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या, पाय खाली सोडून, तोंड भिंतीकडे. बायको मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. त्यांना पाणी हवं होतं, की उठायचं होतं, माहीत नाही. त्या टाळ्या वाजवत होत्या. कोंबड्यांना बोलवावं तशा, हलक्या. थांबायच्या, कान द्यायच्या, पुन्हा वाजवायच्या. मी दारात उभा होतो. मी आलोय हे त्यांना कळलं नव्हतं. बायको हात पुसत आली, मला दारात पाहिलं, आणि तिनं आईचे दोन्ही हात धरले आणि तशीच बसून राहिली. दोघीही बोलल्या नाहीत. मी घरात होतो म्हणून बोलल्या नाहीत, असं मला तेव्हाच वाटलं.

त्याच वेळी मी म्हणू शकलो असतो. एका वाक्याचं काम होतं. मी चपला काढल्या आणि चहा मागितला.

सासूबाई परत गेल्या, नंतर कधी सुरतेला आल्या नाहीत. त्या वारल्या तेव्हा बायको गावी जाऊन आली. आल्यावर तिच्या तोंडातून अहिराणीचा एकही शब्द पडेनासा झाला. झोपेतसुद्धा नाही. मला वाटलं, आता पूर्ण शिकली.

मुलं मोठी झाली. ती आमच्यापेक्षा गुजराती जास्त बोलतात, आणि नातवंडं तर माझ्याशी हिंदीत बोलतात, सोपं जावं म्हणून. सून बडोद्याची आहे, चांगली आहे. नातवानं एकदा विचारलं, दादाजी, आप लोग ओरिजिनली कहाँ के हो? मी बायकोकडे बघितलं. ती टीव्ही बघत होती. मी खानदेशचं नाव सांगितलं. तो म्हणाला, वो किधर आया? आणि निघून गेला. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण तक्रार करायला मला तोंड नव्हतं. मीच तर हे दुकान घरात उघडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. रिक्षातून जाताना ती माझ्या खांद्याला टेकायची, आणि मला वाटायचं की हिला काहीतरी द्यायला हवं, जे मी घेतलं होतं ते तरी. बरेच दिवस मनाची तयारी केली. एका दुपारी ती खाटेवर बसून मेथी निवडत होती, डॉक्टरांनी तिला खायला मनाई केलेली मेथी, माझ्यासाठी. मी समोर जाऊन बसलो आणि तिला तिच्या जुन्या नावानं हाक मारली.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा. माझा आवाज मलाच परका वाटला.

तिचे हात थांबले. तिनं वर बघितलं नाही. मला वाटलं, ती रडेल, किंवा हसेल, किंवा ऐकू आलं नसेल. मी पुन्हा घेतलं.

“ते नाव तुम्हना तोंडमा नको,” ती म्हणाली. “ते मन्ही मायनं शे.”

रागानं नाही. दुसऱ्याची वस्तू कुणी चुकून उचलली तर सांगावं, तसं. आणि इतकी वर्षं मी धुवून काढली असं मला वाटलेली ती बोली, जशीच्या तशी, एक डाग न पडलेली, बाहेर आली. मला उत्तर द्यायचं होतं. तिच्या भाषेत द्यावं असं वाटलं. मी तोंड उघडलं आणि मला वाक्य जुळवता येईना. समजत सगळं होतं. जीभ वळत नव्हती.

मी म्हणालो, “माझं चुकलं.”

“सर, पंखा जरा कमी करा,” ती म्हणाली, शुद्ध मराठीत, आणि पुन्हा मेथी निवडू लागली. त्यानंतर ती सात-आठ महिने होती. आम्ही पुष्कळ बोललो: औषधांचं, मुलांचं, भाजीचं. त्या विषयावर नाही.

हे सगळं मी मुलाला फोनवर सांगू शकलो नाही, म्हणून त्याला घरी बोलावलं. तो रविवारी आला. मी सांगितलं. तो बराच वेळ हातातली गाडीची किल्ली फिरवत बसला.

“म्हणजे बेसणाच्या कार्डावर मी खोटं नाव छापलं,” तो म्हणाला.

“खोटं नाही. माझं.”

“आणि मम्मीनं मला पण सांगितलं नाही? मला?”

तिनं का सांगावं, असं मला म्हणावंसं वाटलं. मग त्यानं विचारलं, पाटीवर काय घालायचं ते तरी सांगा. मी म्हणालो, ते मामांनी सांगायचं. माझ्याकडे तो हक्क नाही. त्यानं माझ्यासमोरच मामांना फोन लावला आणि म्हणाला, “मामा, तुम्ही दिलेलंच राहू द्या.” मामांना वाटलं असेल, यात विचारण्यासारखं काय होतं.

वर्षश्राद्धाला आम्ही गेलो. उधन्याहून सकाळची गाडी, पुढे जीप. पाणपोई बरी झाली आहे, सावलीला पत्रा, दोन नळ, बसायला कट्टा. मेहुण्यांनी मला पाटीवरचा कपडा ओढायला सांगितलं. मी म्हणालो, तुम्ही ओढा. त्यांनी दोनदा आग्रह केला, मग स्वतः ओढला. वर नाव होतं, खाली ‘या गावची लेक’. जमलेल्यांपैकी म्हातारी माणसं ते नाव सहज घेत होती, एकमेकांना सांगत होती, आणि माझा मुलगा त्यांच्यात उभा राहून ऐकत होता. दुपारी जेवणं झाली. मुलाला मामांकडे राहायचं होतं, त्याला आईचं घर, विहीर, शाळा बघायची होती. मी राहिलो नाही. कुणी ‘राहा’ म्हणालं नाही असं नाही, पण मला तिथे झोप आली नसती. मी एकटाच परतायला थांब्यावर येऊन बसलो.

कट्ट्यावर एक म्हातारी होती. डोळ्यांना फार दिसत नसावं. शेजारच्या वस्तीवरून बसनं लेकीकडे निघाली होती. गावातल्या सकाळच्या कार्यक्रमाचं तिला काही माहीत नव्हतं. नळाचं पाणी पिऊन ती म्हणाली, बरं केलं कोणी बांधलं ते. मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, “कोना घरना पाव्हना?”

मेहुण्यांचं नाव सांगितलं, तरी त्यांचा मी कोण हे सांगायला तिचंच नाव घ्यावं लागलं असतं. माझ्या तोंडचं नाव त्या गावात कुणाला माहीत नव्हतं. गावाला माहीत असलेलं मला घ्यायचं नव्हतं.

“सुरतहून आलोय,” मी म्हणालो.

“सुरतमा आम्हनी बी एक दियेल व्हती,” ती म्हणाली, आणि तिनं ते नाव घेतलं. “मन्ही जोडीदारीन. तठे गयी, मंग तिनं काही कयनं नही. तुम्ही वळखेत का तिले?”

मी डोक्यावरच्या पाटीकडे बघितलं नाही. म्हातारी वाट बघत होती.

“नाही,” मी म्हणालो.

मग बस येईपर्यंत तिनं मला सांगितलं. ती पोहायची म्हणे, पोरांच्या आधी विहिरीत उडी टाकायची. मास्तरांची नक्कल करायची. आणि बोलायची इतकी, की शेताच्या वाटेनं ती यायच्या आधी तिचा आवाज यायचा. माझ्या घरात ती पन्नास वर्षं राहिली, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. माझी बस आली तेव्हा म्हातारीचं बोलणं अर्ध्यावर होतं, तिची बस अजून यायची होती. कंडक्टरनं दोनदा विचारलं, बाबा, यायचं का? मी ती बस जाऊ दिली.